रक्ताची ठेव

अमेरिकेतल्या इस्पितळात उपचार नंतर, सह्या आधी. विमा कंपनीला माहिती द्यायला हरकत नाही यावर सही, विम्याने पैसे नाकारले तर बिल मी भरीन यावर सही, माझी माहिती गुप्त ठेवण्याचे नियम मला दिले गेले यावर सही (ते नियम कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी). आणि इस्पितळ मोठ्या विद्यापीठाचं असेल तर या गठ्ठ्यात बऱ्याचदा अजून एक कागद असतो. तपासण्या झाल्यावर उरलेलं तुमचं रक्त, किंवा शस्त्रक्रियेत काढून टाकलेला तुकडा, आम्ही संशोधनासाठी ठेवून घेऊ का, असं त्यात विचारलेलं असतं. निम्मे लोक न वाचता हो म्हणतात आणि उरलेले न वाचता नाही म्हणतात.

देशात हा कागद अजून घरोघरी पोचलेला नाही. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या गाठींचे नमुने जपून ठेवणारी पेढी बरीच वर्षं आहे, आणि बाकीची मोठी इस्पितळंही त्याच वाटेने जाणार. म्हणजे आज ना उद्या हा कागद तुमच्यासमोर, नाहीतर तुमच्या आईवडिलांसमोर येणार. तेव्हा काय करावं याबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो: द्यावं. पण दान म्हणून देऊ नये, ठेव म्हणून द्यावं. या दोन शब्दांत काय फरक आहे तेच आज लिहायचं आहे.

मी डॉक्टर नाही हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. वस्तू थंड ठेवणं हा माझा धंदा. वीस-बावीस वर्षं न्यू जर्सीत त्यातच गेली, आणि त्यातली काही प्रयोगशाळांच्या फ्रीझरांपाशी गेली. दुसरं कारण घरचं. आमच्या घराण्यात पुरुषांची साठी हा समारंभ फारसा होत नाही. वडील बावन्नाव्या वर्षी गेले, त्यांच्या आधी काका. दोघंही सडसडीत, दोघांनाही दारू-तंबाखूचं व्यसन नाही. तेव्हा सांगलीतल्या डॉक्टरांनी "टेन्शन" म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलंही होतं. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आजारावर कोण काय शोधतंय याकडे माझा कान जरा जास्तच असतो.

आधी ही पेढी म्हणजे नेमकं काय ते पाहू. तुमच्या दंडातून काढलेलं रक्त एका गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालतात. जड तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळसा थर. त्या पांढऱ्या थरातून डीएनए मिळतो, वरच्या द्रवातून प्रथिनं आणि चरबीचे घटक. हे सगळं करंगळीच्या पेरापेक्षा लहान कुप्यांत वाटून प्रत्येक कुपीवर बारकोड लावतात. नाव नाही, फक्त आकडा. मग कुप्या उणे ८० अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये जातात, आणि जिवंत पेशी ठेवायच्या असतील तर त्याहून थंड, द्रव नायट्रोजनच्या टाकीत. इतक्या छोट्या कुप्या कशासाठी? कारण गोठलेलं रक्त वितळवून पुन्हा गोठवलं की त्यातले नाजूक घटक खराब होतात. एका कामाला एक कुपी काढायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही.

रक्तवाहिन्यांच्या आजारात रक्ताखेरीज आणखी एक माल मिळतो. मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली की लकव्याचा धोका असतो. मग शल्यविशारद धमनी उघडून तो थर खरवडून काढतात. पूर्वी तो कचऱ्याच्या बादलीत जायचा. हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरात २००२ सालापासून हे काढलेले थर पद्धतशीर साठवायला सुरुवात झाली. अशा काढलेल्या थरांचा उपयोग काय? २०२४ च्या मार्च महिन्यात इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास गाजला तो आठवत असेल. मानेच्या धमनीतून काढलेले २५७ रोग्यांचे थर त्यांनी तपासले, तर त्यातल्या १५० जणांच्या थरात पॉलिथिनचे सूक्ष्म कण सापडले. पुढच्या सुमारे तीन वर्षांत ज्यांच्या थरात प्लॅस्टिक होतं त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, लकवा किंवा मृत्यू यांचं प्रमाण इतरांच्या साडेचार पट निघालं. प्लॅस्टिकमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही, ते अभ्यास करणाऱ्यांनीही स्पष्ट म्हटलं आहे. पण प्रश्न तरी विचारता आला. बादलीत गेलेल्या तुकड्याला काही विचारता येत नाही.

पण माझ्या मते जुन्या रक्ताची खरी किंमत कळते ती पीसीएसके-९ च्या गोष्टीतून. १९८७ ते ८९ या काळात अमेरिकेतल्या चार भागांत हजारो मध्यमवयीन माणसांना एका अभ्यासात घेतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातले कृष्णवर्णीय लोक त्यात मोठ्या संख्येने होते. रक्त घेतलं, ठेवलं, आणि माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. पीसीएसके-९ हे जनुक तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. ते २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत पुढे आलं. त्यात बिघाड होऊन त्याचं काम वाढलं की कोलेस्टेरॉल चढतं. मग टेक्ससमधल्या डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक कुणात बंदच पडलं असेल तर? डॅलसच्या कृष्णवर्णीय लोकांत अशी माणसं त्यांना सापडली. पण त्यांना हृदयविकार कमी होतो का, हे कळायला पंधरा वर्षं थांबायला हवं होतं. थांबावं लागलं नाही, कारण १९८७ सालचं रक्त फ्रीझरमध्ये होतं आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही नोंदलेलं होतं. त्यातल्या कृष्णवर्णीयांपैकी २.६ टक्के लोकांत हे जनुक बंद होतं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी, आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. हे २००६ साली छापून आलं आणि २०१५ साली त्यावर आधारलेली दोन इंजेक्शनं अमेरिकेच्या बाजारात आली. ज्यांचं रक्त होतं त्यांना सुई टोचली तेव्हा ते कशासाठी दिलंय हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

आता आपल्याकडे वळू. हृदयविकाराबद्दल जगाला जे कळलं त्याचा मोठा भाग मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावातून आला. १९४८ साली ५,२०९ माणसांपासून तिथला अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे धोके आज पोरंसोरं सांगतात, त्यात या गावाचा वाटा फार मोठा. फक्त ते गाव तेव्हा जवळजवळ सगळं गोऱ्यांचं होतं. ही उणीव भरून काढायला २००० साली एक मोठा बहुवंशीय अभ्यास निघाला. सहा ठिकाणची ६,८१४ माणसं. गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी. भारतीय? एकही गट नाही. ज्या लोकांना ऐन चाळिशीत झटके येतात म्हणून डॉक्टर एकमेकांत बोलत होते, त्यांचं रक्तच त्या पेढीत नव्हतं.

ते काम नंतर अलका कनाया आणि नम्रता कंदुला या दोन डॉक्टरांनी हाती घेतलं. २०१० पासून सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो इथल्या ९०६ दक्षिण आशियाई माणसांना घेऊन त्यांनी अभ्यास सुरू केला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की होतं "मसाला". हसू येतं, पण नाव लक्षात राहतं. माणसं शोधायला पत्त्यांच्या याद्यांमधून आडनावं पाहून पत्रं पाठवली होती. म्हणजे आडनावावरून माणूस ओळखायची आपली जुनी खोड इथे शास्त्राच्या कामी आली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोलेस्टेरॉलच्या उपचाराच्या नियमांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला. माझ्यासारख्याला स्टॅटिनची गोळी सुरू करायची की नाही हे ठरवताना आज डॉक्टर तो विचार करतात. वडिलांच्या वेळी असं काही कागदावर नव्हतं.

याच्याही आधीचं काम आपल्या पुण्यात झालं आहे, ते इथल्या मराठी मंडळींनाही फारसं माहीत नसतं. केईएम इस्पितळाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडकुळी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून! पुण्याच्या बाळांच्या नाळेतलं रक्त लंडनच्या बाळांच्या रक्ताशी ताडून पाहिलं तर त्यात इन्शुलिन जास्त निघालं. म्हणजे पुढच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची चाहूल जन्माच्या दिवशीच. २००४ मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र युडकिन यांनी "लॅन्सेट"मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा दोघांचा अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. माझ्या सडसडीत वडिलांचं कोडं मला त्या फोटोने थोडंतरी उलगडलं. सांगलीत नाही, शिकागोत नाही, पुण्याजवळच्या खेड्यातल्या बायकांनी दिलेल्या रक्ताने.

म्हणून द्यावं असं म्हणतो. ज्यांचं रक्त पेढीत नाही त्यांचा आजार पुस्तकात नाही, आणि दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून हिंडावं तसं ते दुसऱ्याच्या आकड्यांवर उपचार घेत राहतात.

आता दान आणि ठेव. आपल्याकडे रक्त म्हटलं की दान हाच शब्द तोंडात येतो. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर, चहा-बिस्किट आणि सर्टिफिकेट. ते रक्त काही आठवड्यांत कुणाच्या तरी अंगात जातं आणि विषय संपतो. दिलं आणि विसरलं, यातच दानाचा मोठेपणा. पेढीतलं रक्त तसं नसतं. ते वीस-तीस वर्षं तिथे बसतं, तुमच्यानंतरही राहतं, आणि नवीन यंत्र आलं की त्यातून नवीन माहिती निघते. ती माहिती तुमच्या एकट्याचीही नाही. मी इथल्या एका पेढीला रक्त द्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या सौ.ने एकच वाक्य विचारलं, "तुमच्यातलं निम्मं पोराचं आहे, त्याला विचारलंत का?" मुलगा तेव्हा सज्ञान झालेला होता. त्याला विचारलं, त्याने चार प्रश्न केले, मग दिलं. दिल्यावरही जी गोष्ट तुमच्याबद्दल आणि तुमच्या पोराबाळांबद्दल बोलत राहते तिला दान म्हणणं बरोबर नाही. ती ठेव आहे. आणि ठेव म्हटलं की मध्यमवर्गीय डोक्यात आपोआप प्रश्न येतात: ठेव कुणाच्या नावावर, मोडता येते का, पासबुक कुठे, व्याज कुणाला, आणि बँक बुडाली तर?

ठेव कुणाच्या नावावर, याचं अमेरिकन उत्तर धक्का देणारं आहे. जॉन मूर नावाच्या रोग्याची प्लीहा १९७६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ-इस्पितळात काढली. त्याच्या पेशींपासून डॉक्टरांनी कायम वाढत राहणारा पेशींचा वाण तयार केला आणि पेटंट घेतलं, मूरला न सांगता. तो कोर्टात गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की डॉक्टरांनी स्वतःचा फायदा लपवला हे चूक, पण काढलेल्या पेशींवर तुझी मालकी नाही.

मोडता येते का? सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. कॅटलोना हे प्रोस्टेटचे नामांकित सर्जन होते. ते २००३ मध्ये दुसऱ्या विद्यापीठात गेले तेव्हा सहा हजारांच्या आसपास रोग्यांनी लेखी कळवलं की आमचे नमुने आमच्या डॉक्टरांकडे पाठवा. कोर्टाने नाही म्हटलं, अपिलातही २००७ मध्ये तेच. नमुने विद्यापीठाचे. तुम्ही फार तर यापुढे भाग घेणार नाही म्हणू शकता. म्हणजे खातं बंद करता येतं, पण ठेव दुसऱ्या बँकेत नेता येत नाही.

आणि दिलेल्या कामासाठीच वापरतील याची खात्री? ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई या मूलनिवासी जमातीने १९९० नंतर अॅरिझोनाच्या एका विद्यापीठाला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. जमातीत मधुमेह फार होता आणि लोकांना त्याचं उत्तर हवं होतं. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनियाचा, आपसातल्या लग्नांचा आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. आम्ही याच दरीत जन्मलो ही त्यांची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्तातून ती खोडून काढणारे निबंध निघाले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. मला त्या सात लाखांपेक्षा रक्त परत केलं हे महत्त्वाचं वाटतं. परत करता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

याहून साधी एक गोष्ट आहे जी इथल्याही बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे उरलेल्या नमुन्यावरून नाव-गाव पुसून टाकलं की तो संशोधनाला वापरायला तुमची परवानगी लागत नाही. ती सक्तीने घ्यावी असा प्रस्ताव २०१५ मध्ये आला होता, २०१७ च्या अंतिम नियमांत तो गळला. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००७ मध्ये आपली पेढी सुरू केली ती अशीच, नाव पुसलेल्या उरलेल्या रक्तावर. नको असेल त्याने नको म्हणायचं. २०१५ पासून त्यांनी आधी होकार घ्यायला सुरुवात केली. पेढी बंद पडली नाही. विचारलं की लोक पळून जातील, ही भीती बाळगणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

व्याजाचं काय? वर सांगितलेली कोलेस्टेरॉलची इंजेक्शनं २०१५ मध्ये आली तेव्हा एका वर्षाची छापील किंमत १४ हजार डॉलरच्या वर होती. किंमत नंतर उतरली, पण जॅक्सनच्या ज्या वस्त्यांतून ते रक्त आलं तिथल्या किती जणांच्या खिशाला ती परवडली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. मी पैसे मागा म्हणत नाही. प्रत्येक कुपीचा हिशेब करत बसलं तर एकही औषध तयार होणार नाही. पण ज्या समाजाने रक्त दिलं त्याला औषध परवडेल अशी अट पेढीने कंपनीला घालायला काय हरकत आहे?

तिजोरीबद्दल माझ्या धंद्यातला माणूस म्हणून दोन शब्द. उणे ८० चा जुना फ्रीझर दिवसाला वीस युनिटच्या आसपास वीज खातो. पुण्यातल्या एका छोट्या फ्लॅटला तेवढी चार-पाच दिवस पुरावी. आणि तो एकदा बंद पडला की पंधरा-वीस वर्षांचं काम एका रात्रीत पाणी होतं. २०१२ मध्ये हार्वर्डशी संलग्न मेंदूंच्या पेढीत हेच झालं. फ्रीझरच्या बाहेरचा आकडा उणे ७९ दाखवत होता आणि आत होतं ७ अंश. दोन्ही गजर वाजलेच नाहीत. दीडशेच्या आसपास मेंदू खराब झाले, त्यात आत्ममग्नतेच्या संशोधनाचे दुर्मिळ नमुने होते. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात उलट झालं. गजर वाजत राहिला, आणि त्याचा आवाज बंद करायला म्हणून सफाई कामगाराने वीजच तोडली. दारावर सूचना लावलेली होती! तेव्हा भारतात कुणी मोठी पेढी उघडली तर मी आधी डीएनए वाचणारं यंत्र कुठलं ते विचारणार नाही. जनरेटर किती, डिझेल किती तासांचं, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला जातो, ते विचारीन. आपल्याकडचं लोडशेडिंग आणि मे महिना पाहता हा प्रश्न गमतीचा नाही.

शेवटी बँक बुडाली तर. पुणेकरांना रुपी बँकेची आठवण करून द्यायला नको. २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली परवानाच गेला, मधली नऊ वर्षं ठेवीदार खेटे घालत होते. इथे घरबसल्या थुंकी पाठवून वंशावळ सांगणारी ट्वेंटीथ्री-अँड-मी ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. दीड कोटी गिऱ्हाइकांची जनुकीय माहिती लिलावात निघाली. शेवटी कंपनीच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली म्हणून निभावलं, पण ती कुणीही घेऊ शकलं असतं. शिवाय २००८ च्या कायद्याने अमेरिकेत आरोग्य विमा कंपनी आणि मालक तुमची जनुकीय माहिती तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाहीत, पण त्या कायद्यात आयुर्विमा नाही. ही फट लहान नाही.

एवढं वाचल्यावर वाटेल की अमेरिकेतच ही तऱ्हा, तर आपल्याकडे काय विचारायचं. गंमत इथेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ मध्ये जी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट लिहिलं आहे की नमुन्याचा मालक तो देणारा माणूस, पेढी फक्त राखणदार. अमेरिकन न्यायालयांनी जे नाकारलं ते आपल्या कागदावर आहे! ठेव हा शब्द मी पदरचा घातलेला नाही, आपल्या नियमांचा अर्थच तो होतो. अर्थात मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, आणि आपल्याकडचा कागद आणि आपल्याकडची खिडकी यात किती अंतर असतं ते सांगायला नको. पण मागायला आधार आहे. देशातल्या दहा हजार माणसांचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून झाल्याचं आणि संशोधकांना तो खुला केल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यासाठी गोळा केलेलं रक्त बेंगळुरूला जपून ठेवलं आहे. म्हणजे हा विषय आता भविष्यातला राहिलेला नाही.

तेव्हा कागद समोर आला तर एवढं विचारा. हा कागद मराठीत आहे का, आणि नसेल तर कोण समजावून सांगणार? नमुना याच आजारासाठी की कशासाठीही? खाजगी कंपनीला किंवा परदेशी जाणार का? माझ्याबद्दल काही गंभीर सापडलं तर मला कळवणार का? मी नंतर नाही म्हटलं तर नमुना नष्ट करणार का, आणि ते कुणाला सांगायचं? तुमची संस्था बंद पडली तर तो कुणाकडे जाईल? सहा प्रश्न, दहा मिनिटं.

डॉक्टर मित्र म्हणतात, अरे, ओपीडीत दीडशे माणसं उभी असतात, दहा मिनिटं कुठून आणायची? अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय न विचारणं हा नाही. डॉक्टरने नाही तर प्रशिक्षित माणसाने सांगावं, शस्त्रक्रियेच्या सकाळी नाही तर आदल्या भेटीत सांगावं. स्ट्रेचरवरचा माणूस कशावरही सही करतो, त्या सहीला संमती म्हणू नये. पासबुक देणंही अशक्य नाही. अमेरिकन सरकारच्या दहा लाख लोकांच्या प्रकल्पात, ज्याची पेढी मिनेसोटात मेयो क्लिनिककडे आहे, भाग घेणाऱ्यांना २०२२ च्या अखेरीपासून आपल्या जनुकांचे आरोग्याशी संबंधित निष्कर्ष मागवता येतात. आणि पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतल्या बायकांची मुलं आता तिशीत आहेत, त्यांच्या पुढच्या पिढीपर्यंत अभ्यास पोचला आहे. तीस वर्षं लोक एखाद्या डॉक्टरकडे परत परत येतात ते पहिल्या दिवशीच्या सहीमुळे नाही. आपलं काय चाललंय हे कुणीतरी त्यांना सांगत राहिलं तरच येतात.

आमच्या घराण्यातल्या पुढच्या पोराला "टेन्शन" यापेक्षा चांगलं उत्तर मिळावं एवढीच माझी या व्यवहारातली अपेक्षा आहे, आणि त्यासाठी तुमच्याआमच्या रक्ताची पेढी भरली पाहिजे. ती भरायची तर लोकांचा विश्वास बसला पाहिजे. ठेवीदाराला हिशेब देणाऱ्या बँकेकडे आपल्याकडे रांगा लागतात, हे गावच्या पतपेढीच्या चेअरमनलाही कळतं. इस्पितळांना ते कळायला फार वेळ लागू नये.